काळी की पांढरी? परवान्याची बंदूक घेताना फिनिशचा विचार

मोहोळ तालुक्यातला माझा धाकटा चुलतभाऊ परवाना हातात पडल्यावर तिसऱ्याच दिवशी सोलापुरात घरी आला. रिव्हॉल्व्हर घ्यायचं होतं. "दादा, दुकानदार म्हणतोय काळी घ्या नाहीतर पांढरी घ्या, काम एकच. मग पांढरीला जास्त पैसे कशाला मोजायचे?"

काळी म्हणजे ब्लूइंग केलेल्या साध्या पोलादाची, पांढरी म्हणजे स्टेनलेसची. गोळी दोन्हींतून सारखीच सुटते, वजनातही सांगण्यासारखा फरक नसतो, दुकानदाराचं तेवढं खरं. पण २०१९च्या कायदादुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वाडवडिलांकडून आलेलीही त्यातच मोजली जाते. त्याच्या घरी आजोबांची बारा बोअरची दुनळी आहे. म्हणजे एकच जागा उरली, आणि बंदूक काही चपलेसारखी बदलून आणता येत नाही.

ब्लूइंगला बरेच जण रंग समजतात. तो रंग नाही. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचे क्षार यांच्या साधारण १४० अंशांच्या उकळत्या द्रावणात पोलाद बुडवलं की वरचा थर लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा, मॅग्नेटाइटचा होतो. आपल्या चादरीचं सूत आधी रंगवतात आणि मग विणतात, वरून छापत नाहीत. तसाच हा काळेपणा धातूच्याच अंगचा असतो, त्यामुळे रंगासारखे पोपडे निघत नाहीत. मात्र थर फारच पातळ, एक-दोन मायक्रॉनचा. तो एकटा गंज अडवत नाही. त्याचं खरं काम तेल धरून ठेवणं. तेल आहे तोवर काळी बंदूक सुरक्षित, तेल पुसलं गेलं की उघडी पडली.

हे मी माझ्याच बंदुकीवर शिकलो. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि माझी दुनळी जमा करावी लागली. नंबर तपासताना तिला दोन-चार जणांचे हात लागले, त्यात माझेही. मी निघताना पुसली नाही, तशीच कापडी खोळीत घालून दिली. जूनमध्ये परत आली तेव्हा नळीवर बोटांचे ठसे तांबूस उमटलेले, अगदी अंगठ्याच्या रेषांसकट. घामातलं मीठ अडीच महिने तिथंच बसलं होतं. चूक सर्वस्वी माझी. एक तेलाचा फडका फिरवायला दोन मिनिटं लागली असती.

म्हणून हवेचा बाऊ मी करत नाही. कोकणात राहणाऱ्याला मी डोळे झाकून स्टेनलेस घे म्हणेन. तिथं खारा वारा आणि चार महिने ओल. सोलापूरची हवा वर्षाचा बराच काळ कोरडी, पाऊस बेताचा, त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरचा. घरात कपाटात ठेवलेली, तेल लावलेली काळी बंदूक इथं पिढ्यान्‌पिढ्या टिकते. आजोबांची दुनळी त्याचा पुरावा आहे. आपला शत्रू घाम. एप्रिल-मेच्या बेचाळीस अंशांत कमरेला लावलेलं रिव्हॉल्व्हर दिवसभर घामात भिजतं, आणि तेही चामड्याच्या म्यानात. चामडं ओल धरतं, शिवाय कमावताना वापरलेले क्षारही त्यात असतात. म्यान घेऊन फिरावं, पण रात्री बंदूक त्यात ठेवू नये. हे दोन्ही फिनिशना लागू आहे.

आता पांढरीकडे. "स्टेनलेस म्हणजे गंजणारच नाही," हा भावाचा समज होता, आणि सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. घरातलं चांगलं पातेलं बहुधा ३०४ प्रतीचं, त्यात क्रोमियम १८ टक्के आणि निकेल ८ टक्के. बंदुकीला ते चालत नाही, कारण ते पाणी देऊन कडक करता येत नाही. बंदुकीला बहुतेक वेळा ४१६सारखं पोलाद लागतं. त्यात क्रोमियम १२ ते १४ टक्के, निकेल जवळपास नाहीच. ते साध्या पोलादापेक्षा कितीतरी उशिरा गंजतं, पण पातेल्याच्या मानाने लवकर. आणि गंजलं की पसरत नाही, टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडत आत जातं. ग्रिपखाली, स्क्रूच्या खाचेत, जिथं घाम साचतो आणि नजर जात नाही तिथं. शिवाय आतल्या स्प्रिंगा आणि पिना बऱ्याचदा साध्या पोलादाच्याच असतात.

पण चूक माफ करणं हा स्टेनलेसचा मोठा गुण आहे. एक रात्र पुसायची राहिली तर सकाळी काळजी नाही. मॅट फिनिशवर ओरखडा आला तर बारीक घासणीने त्याच दिशेने हलकेच घासून तो मिटवता येतो. काळीवरचा ओरखडा म्हणजे उघडं लोखंड. म्यानातून काढघाल करून तोंडाशी आणि कडांना काळेपणा उडतो तो उडतोच. १९६५ साली स्मिथ अँड वेसनने मॉडेल ६० हे पहिलं स्टेनलेस रिव्हॉल्व्हर काढलं ते अंगावर वागवायचं छोटं हत्यार होतं, याचं मला नवल वाटत नाही.

काळीला जपायची आणखी एक गोष्ट आपल्या घरांत सांगावीच लागते. चिंच-लिंबू लावून पितळ लख्ख करायची आपली सवय. आंबट काहीही लागलं की ब्लूइंग साफ उतरतं. गंज काढायचं बाजारातलं औषधही तेच करतं. खोबरेल आणि गोडेतेल लावू नये, ते चिकट होऊन धूळ धरतं. बंदुकीचं तेल नसेल तर शिवणयंत्राचं पातळ तेल चालतं.

ब्लूइंग पुन्हा करून घेता येतं, हा काळीच्या बाजूचा मुद्दा दुकानदार पुढे करतात. रिव्हॉल्व्हरला तो लागू आहे, दुनळीला जपून. दुनळीच्या दोन नळ्या बऱ्याचदा मऊ डाखाने जोडलेल्या असतात आणि गरम द्रावणातला कॉस्टिक तो डाख खातो. तिला संथ पद्धतीचं काम लागतं: मुद्दाम बारीक गंज चढवायचा, उकळायचा, तारेच्या ब्रशने झाडायचा, असं अनेकदा. कारागिराने "एका दिवसात करून देतो" म्हटलं तर दुनळी उचलून घरी आणावी. आणि कोणत्याही बंदुकीला आधी पॉलिश करावं लागतं, त्यात कोरलेला नंबर पुसट होऊ शकतो. नंबर घासला गेला तर तो गुन्हा आहे. काम फक्त परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्यावं.

चकाकीबद्दल एवढंच सांगतो. वरातीत पांढरी उठून दिसते म्हणून कुणी घेत असेल तर त्याने घेऊच नये. आनंदाच्या भरात झाडलेल्या गोळीला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे, आणि वर गेलेली गोळी कुणाच्या तरी अंगणात खाली येतेच.

भावाला मी पांढरी घ्यायला सांगितली. तो उसाला रात्री पाणी द्यायला जातो, बोअरच्या खाऱ्या पाण्यात हात असतात, घरी यायला पहाट होते, आणि रोज तेलाचा फडका फिरवणं त्याच्याकडून होणार नाही हे तोही कबूल करतो. घरातच ठेवायची असती आणि आठवड्याला हातात घेणारं कुणी असतं, तर काळी घे आणि जास्तीचे पैसे वाचव म्हणालो असतो. माझी स्वतःची आवड काळीच आहे. आजोबांच्या दुनळीचा निळसर काळा उन्हात धरला की अजून खोल दिसतो.

दुनळी त्याने यंदा माझ्याकडे आणून दाखवली. नळीला तेल होतं, पण दस्ता खाली टेकवून उभी ठेवल्याने ते लाकडात मुरून दस्ता काळवंडला होता. आता ती नळी खाली करून ठेवतो. आणि पुढच्या आचारसंहितेसाठी त्याने खोळीच्या खिशात एक तेलाचा फडका आधीच घालून ठेवलाय.