चार गॉब्लिन, चार हिशोब

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती फासे टाकत गोष्ट रंगवायच्या खेळात नव्या डीएमला (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) पहिल्या सेशनच्या आदल्या रात्री एकच प्रश्न छळतो: समोर किती मॉन्स्टर ठेवू? कमी ठेवले तर खेळाडू कंटाळतात. जास्त ठेवले तर हौसेनं बनवलेलं, नावगाव आणि मागची गोष्ट लिहिलेलं कॅरॅक्टर पहिल्याच रविवारी मरतं. नियमावली निवडताना लोक क्लास (कॅरॅक्टरचा पेशा), स्पेल (मंत्र) आणि चित्रं बघतात. डीएम तुम्ही होणार असाल तर लढाईचा हिशोब आधी बघा, कारण दर आठवड्याला तुमची गाठ त्याच्याशी पडणार आहे.

तुलनेला एकच लढाई घेऊ. पहिल्या लेव्हलची चार कॅरॅक्टर रस्त्यानं चालली आहेत आणि झुडपाआड चार गॉब्लिन (लहानखुरे दुष्ट प्राणी) धनुष्य ताणून बसले आहेत.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०१४च्या नियमांत, एका गॉब्लिनचे ५० एक्सपी (अनुभवाचे गुण), चौघांचे २००. मॉन्स्टर तीन ते सहा असले की बेरीज दुप्पट धरायची, म्हणजे ४००. पहिल्या लेव्हलला 'डेडली'ची, म्हणजे जीवघेण्या लढाईची, मर्यादा माणशी १००, चौघांची ४००. म्हणजे ही लढाई तंतोतंत डेडली.

त्याच खेळाच्या २०२४च्या नियमांत तो गुणाकारच काढून टाकलाय. पायऱ्या तीन: लो, मॉडरेट, हाय. पहिल्या लेव्हलला माणशी ५०, ७५ आणि १००. चार गॉब्लिन वॉरियरचे २०० एक्सपी 'लो'च्या बजेटमध्ये बरोब्बर बसतात. गंमत म्हणजे गॉब्लिनचे हिट पॉइंट (किती मार सोसतो तो आकडा) मधल्या काळात ७ वरून १० झालेत.

पाथफाइंडर या त्याच जातीच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत मॉन्स्टरचे एक्सपी ठरलेले नसतात. पार्टीच्या (खेळाडूंच्या कॅरॅक्टरांच्या गटाच्या) लेव्हलपेक्षा तो किती वर किंवा खाली आहे, यावर ते ठरतात. गॉब्लिन वॉरियर उणे एक लेव्हलचा, म्हणजे पहिल्या लेव्हलच्या पार्टीपेक्षा दोन पायऱ्या खाली. प्रत्येकी २०, चौघांचे ८०. चार जणांच्या पार्टीला ८० म्हणजे 'मॉडरेट'.

तेच चार गॉब्लिन एकीकडे डेडली, दुसरीकडे लो, तिसरीकडे मॉडरेट. नियमांमुळे गॉब्लिन थोडेफार बदलतात हे खरं, पण एवढा फरक तेवढ्यानं पडत नाही. हे तिन्ही हिशोब वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

टेबलावर काय होतं ते बघा. २०१४च्या नियमांनी खेळताय, विझार्डचे (जादूगाराचे) हिट पॉइंट ७, आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १२. गॉब्लिनचा बाण लागायला वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे शंभरात पासष्ट वेळा लागतो. नुकसान सरासरी साडेपाच. इनिशिएटिव्हमध्ये (पाळ्यांच्या क्रमात) गॉब्लिन वर आले आणि दोघांनी विझार्डवर नेम धरला, तर बिचाऱ्याची पहिली पाळी यायच्या आत तो जमिनीवर असू शकतो. खेळाडूनं स्पेलचं पान उघडून ठेवलेलं असतं, आणि आता तो डेथ सेव्हचा, जगतो की मरतो ठरवणारा, फासा हातात घेऊन बसतो. मी हा प्रसंग डीएमच्या खुर्चीत बसून बघितलाय. पहिल्या लेव्हलला २०१४चा आकडा मला सर्वांत खरा वाटतो तो यामुळेच. समोर किती हात चालतात, हे तो मोजतो.

पण तोच गुणाकार पुढे दगा देतो. पाचव्या लेव्हलच्या चौघांसमोर १५ गॉब्लिन ठेवा. बेरीज ७५०, पंधरा किंवा जास्त असले की चौपट, म्हणजे ३०००, म्हणजे 'हार्ड'. प्रत्यक्षात ते घोळक्यात असतील तर एका फायरबॉलमध्ये (आगीच्या गोळ्याच्या स्पेलमध्ये) खेळ खलास. आठ सहा-बाजूंचे फासे, सरासरी २८, सेव्ह केला (फाशावर बचाव साधला) तरी १४; गॉब्लिनकडे ७. फारच दुबळे मॉन्स्टर मोजू नका अशी सूचना पुस्तकात आहे, पण रेघ कुठे मारायची ते तुमच्यावरच सोडलंय. शिवाय २०१४चा सगळा हिशोब खेळातल्या एका दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा अवघड लढाया धरून केलाय. नोकरी सांभाळून रविवारी तीन-चार तास बसणाऱ्या ग्रुपमध्ये एक लढाई होते, फार तर दोन. मग सगळे स्पेल स्लॉट (दिवसभरात स्पेल टाकायच्या मोजक्या संधी) त्या एकाच लढाईत ओतले जातात आणि 'हार्ड' चुटकीसरशी संपते.

२०२४च्या हिशोबात हे ओझं बरंच हलकं झालंय. बेरीज करा, बजेटशी ताडून बघा, झालं. माणशी दोनपेक्षा जास्त मॉन्स्टर असतील तर जपून, एवढी सूचना त्यात आहे. आपले चार गॉब्लिन तर माणशी एकच, म्हणून सूचना लागू होत नाही. पहिल्या दोन लेव्हलना हा आकडा सैल आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे 'लो' वाचून बेफिकीर राहू नका.

पाथफाइंडरचा आकडा माझ्या अनुभवात सर्वांत भरवशाचा. लेव्हल हल्ल्यात, आर्मर क्लासमध्ये, सेव्हमध्ये, सगळीकडे मिळवली जाते आणि लागणाऱ्या आकड्यापेक्षा १० जास्त आले की क्रिटिकल, म्हणजे दुप्पट नुकसान. त्यामुळे तीन लेव्हल वरचा बॉस एकटा असला तरी जड जातो. वारंवार क्रिट करतो. लढाईनंतर दहा मिनिटं थांबून जखमा बांधता येतात, म्हणून दिवसात लढाया किती याची चिंताही कमी. किंमत मात्र मोजावी लागते. प्रत्येक पाळीत तीन ॲक्शन, ढीगभर फीट (खास कौशल्यं) आणि कंडिशन (कॅरॅक्टरवर होणारे परिणाम). ज्यांना नियम वाचायला आवडत नाही असे खेळाडू इथे दमतात. आणि पहिल्या लेव्हलला तीन पायऱ्या वरचा बॉस ठेवू नका, आकडा काहीही म्हणो.

चौथा मार्ग जुना आहे: डंजन्स अँड ड्रॅगन्सचा १९८१चा बेसिक संच आणि त्यावर बेतलेले आजचे खेळ. इथे बजेटच नाही. मॅजिक-यूझरचे (इथल्या जादूगाराचे) हिट पॉइंट चार बाजूंच्या एका फाशावर, आणि शून्य म्हणजे मेला. ऐकायला क्रूर वाटतं. पण चार गॉब्लिन भेटले की डीएम आधी सहा-बाजूंचे दोन फासे टाकून त्यांचा पवित्रा ठरवतो. थेट हल्ला फक्त २ पडले तर, म्हणजे छत्तिसात एकदा. बाकी वेळा निदान बोलायला, लाच द्यायला, सटकायला वाव असतो. लढाई जुंपलीच तर पहिला गडी पडल्यावर एकदा आणि निम्मे पडल्यावर एकदा मोराल (लढत राहायची हिंमत) तपासायचं. गॉब्लिनचं मोराल ७. दोन फाशांवर त्याहून जास्त आले की पळाले. दोन्ही तपासण्या धरल्या तर तीनातल्या दोन लढायांत ते मैदान सोडतात. त्यात एका गॉब्लिनचे एक्सपी जेमतेम ५ आणि खजिन्यातल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याला १, म्हणून खेळाडूही उगाच तलवार उपसत नाहीत.

माझा सल्ला विचाराल तर असा. ग्रुप नवा, कॅरॅक्टरवर जीव टाकणारा आणि महिन्यात दोनदा भेटणारा असेल तर २०२४ घ्या, पण पहिल्या दोन लेव्हलना मॉन्स्टर खेळाडूंपेक्षा एक-दोन कमीच ठेवा. डावपेचांची आवड असलेले, नियम वाचून येणारे खेळाडू असतील तर डोळे झाकून पाथफाइंडर. लढाई टाळण्यात मजा मानणारे असतील तर जुना बेसिक. २०१४ची पुस्तकं घरात असतील तर नवी घ्यायची घाई नको. चौथ्या लेव्हलपर्यंत तो गुणाकार पाळा आणि पुढे तो सोडून फक्त बेरीज बघा.

आणि कोणतंही पुस्तक घेतलंत तरी मोरालचा नियम जुन्या बेसिकमधून उचला. विझार्ड पडलेला आहे, दोन गॉब्लिन मेलेत, उरलेल्या दोघांसाठी तुम्ही दोन फासे टाकता आणि ९ येतात. ते धनुष्य टाकून पळतात, आणि जखमा बऱ्या करणाऱ्या क्लेरिकला विझार्डपाशी पोचायला एक पाळी मिळते.