त्रिंकोमाली, हार्टलपूल : मुंबईत बांधलेली युद्धनौका कशी पाहावी

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलच्या संग्रहालयात 'एचएमएस त्रिंकोमाली' उभी आहे, आणि तीही पाण्यात. पोर्टस्मथची 'व्हिक्टरी' वयाने मोठी, पण ती कोरड्या गोदीत विसावली आहे. आजही तरंगणारी सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका म्हणजे हीच, आणि ती मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली घडली. १८१६ मध्ये चांदीचा खिळा ठोकून तिचं पठाण, म्हणजे तळाचा कणा, घातलं गेलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली.

तिच्या नावावर एकही गाजलेली लढाई नाही. तरी शिडाची जहाजं लढत कशी, हे कळून घ्यायचं असेल तर मी आधी हिचंच नाव सुचवेन. ही फ्रिगेट आहे, म्हणजे मुख्य तोफांचा मजला एकच असलेली युद्धनौका. एका टोकाला उभं राहिलं की सगळी मांडणी एका नजरेत येते.

मूळ आराखड्याप्रमाणे या मजल्यावर अठरा पौंडी (म्हणजे अठरा पौंडांचा गोळा फेकणाऱ्या) २८ तोफा होत्या, दर बाजूला १४. वरच्या उघड्या डेकवरच्या हलक्या तोफा आणि कॅरोनेड (आखूड नळीच्या तोफा) धरून एकूण ४६. अठरा पौंडी तोफेचं वजन दोन टनांच्या आसपास आणि ती चालवायला नऊ-दहा माणसं लागत. दोन तोफांच्या मधे उभं राहून एवढी माणसं तिथे कशी मावली असतील याचा अंदाज घ्या. आधी ओला बोळा नळीत फिरवायचा, मग दारूची पिशवी, गोळा आणि वरून दट्ट्या सारायचा. त्यानंतर दोर खेचून तोफेचा गाडा खिडकीशी न्यायचा, कान्यातून (तोफेच्या मागच्या बारीक भोकातून) पिशवी टोचायची, बत्तीची दारू घालायची आणि नेम धरून चकमकीचा दोर ओढायचा. बोळा नीट फिरला नाही तर आत राहिलेल्या निखाऱ्याने पुढची पिशवी भरतानाच पेट घेते आणि दट्ट्या धरणाऱ्याचे हात जातात. बार होताच गाडा मागे उसळतो. त्याला आवरणारा जाड दोर दोन्ही बाजूंना कड्यांत अडकवलेला असतो, तो झिजलेला असेल तर दोन टनांचं लोखंड हलत्या डेकवर मोकाट सुटतं. म्हणून तोफेबरोबर ही कडी आणि दोरही बघा, लोक ते हमखास विसरतात.

याच वर्गातल्या, म्हणजे याच मूळ आराखड्याच्या, ब्रिटिश 'शॅनन'ने ब्रिटन-अमेरिका युद्धात १ जून १८१३ रोजी बोस्टनबाहेर अमेरिकेच्या 'चेसापीक'ला जेमतेम पाव तासात नमवलं. कप्तान फिलिप ब्रोकने तोफांवर नेम धरायच्या खुणा बसवल्या होत्या आणि डेकवर अंश कोरून घेतले होते, म्हणजे धुरात समोरचं काही दिसेनासं झालं तरी सगळ्या तोफा एकाच ठिकाणी वळवता येत. रोजचा सराव होता तो वेगळाच. हा मजला पाहिल्यावर त्या पाव तासाचा अर्थ लागतो.

आता लाकूड. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडला ओकची चणचण भासू लागली म्हणून मलबारचा साग पुढे आला. ओकमधल्या आम्लाने लोखंडी बोल्ट गंजतात आणि भोवतीचं लाकूड भुसभुशीत होतं. सागातल्या तेलाने उलट लोखंडाला संरक्षण मिळतं. १९९० ते २००१ या काळात मोठी डागडुजी झाली, तरीही निम्म्याहून जास्त लाकूड मूळचं आहे. खालच्या मजल्यावर जुन्या तुळया आणि वाक (जहाजाच्या सांगाड्याच्या फासळ्या) जवळून न्याहाळा. या सहलीतला सगळ्यात मोलाचा भाग मला तोच वाटतो.

तिच्या आराखड्याचीही एक हकिकत आहे. मुंबईकडे निघालेली पहिली प्रत 'जावा' या ब्रिटिश जहाजावर होती. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा' जिंकली, प्रत गेली आणि दुसरी पाठवावी लागली. 'कॉन्स्टिट्यूशन' आजही बोस्टनला तरंगते आहे.

उणिवा सांगायला हव्यात. आज दिसणाऱ्या तोफा मूळच्या नव्हेत. १८४५ नंतरच्या फेरबदलात तोफा २६ वर आल्या आणि जहाजाची मागची बाजू गोलसर झाली, त्यामुळे वाडियांच्या गोदीतून निघालं तेव्हाचं रूप जसंच्या तसं इथे दिसणार नाही. मूळ लाकडाचाच ध्यास असेल तर स्कॉटलंडमध्ये डंडीला तिच्याच वर्गातली 'युनिकॉर्न' (१८२४) पाहा. तिच्यावर छप्पर आहे, पण पूर्ण डोलकाठ्या आणि दोरखंड नाहीत. दोन्हीकडे जाणं जमणार नसेल तर मी 'त्रिंकोमाली'च निवडेन. पूर्ण शिडकाठीचं जहाज म्हणजे काय, ते इथेच समजतं.

हार्टलपूल स्टेशनपासून चालत जाता येतं. जहाजाला दोन तास तरी द्या, धक्क्यावरच्या जुन्या बंदराच्या देखाव्याला वेगळा वेळ. जिने उभे आहेत, उतरताना तोंड जिन्याकडे ठेवा. खालच्या मजल्यावर उंच माणसाला वाकूनच चालावं लागतं, तुळई डोक्याला लागते. उत्तर समुद्राचं वारं उन्हाळ्यातही बोचतं, जाकीट जवळ असू द्या. गुडघे दुखत असतील तर तळाचा भाग आधी उरका, वरचं डेक शेवटी. बाहेर पडल्यावर धक्क्यावरून नाळेसमोर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकासमोर, या. तिथली लाकडी मूर्ती एका पुरुषाची आहे, आणि त्याच्या डोक्याला फेटा आहे.