बांगड्याचे डबे, ५५ रुपये नग: कोणी घेऊ नका

मालाचे १०,५६०, गाडीभाडं ४४०, लॅबचे ३,२००. एकूण १४,२०० रुपये गेले, वर घरची तीन माणसं आजारी पडली. लिहायला लाज वाटते, तरी लिहितो.

वैनगंगेच्या काठी आमचा छोटा ढाबा आहे. रोहू, कतला मी कल्ले उचलून, डोळा बघून घेतो. मासळीत मला कोणी फसवलं नव्हतं. पण डब्यातल्या बांगड्याला ना कल्ले ना डोळा. मे महिन्यात तलाव आटले, भाव चढले, आणि आठवडी बाजारात एक जण पिकअप घेऊन आला. "भाऊ, एक्सपोर्टचा माल हाय, बंदरावर अडकला म्हणून सस्ता देतो." लॅबचा रिपोर्टही दाखवला, हिस्टामिन (बिघडलेल्या मासळीत तयार होणारं विषारी द्रव्य) नाहीच्या बरोबर. कागद समोर असताना कोण संशय घेईल? १९२ डबे उतरवून घेतले.

रिपोर्टवरचा बॅच नंबर आणि झाकणावर ठोकलेला नंबर वेगळे होते. तो नंबर माझ्या अंगठ्याखाली लागत होता. स्टिकरचा एक कोपरा सुटलेला, खाली दुसरी तारीख. मी काय केलं, तर नखाने तो कोपरा परत दाबून बसवला. हे आठवलं की आजही झोप उडते.

पहिल्या दिवशी ९ डबे फोडले. आचारी म्हणाला, "जिभेले चरचर लागते." मला वाटलं, तिखट जास्त पडलं. असं मिरी चावल्यासारखं लागलं तर घास थुंकून टाका, चव घेत बसू नका. अर्ध्या तासात पुतण्याचा चेहरा, मान लालबुंद, डोकं ठणकतंय, छातीत धडधड. दोन पोरांचंही तेच. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, संध्याकाळपर्यंत उतरलं. आधी म्हणाले अ‍ॅलर्जी. तिघांना एकाच वेळी? मासा पकडल्यावर बर्फात ठेवला नाही की जंतू त्यात हिस्टामिन तयार करतात. मग उकळा, डब्यात भरा, पुन्हा शिजवा, ते जात नाही. वासही येत नाही.

पोलीस म्हणाले, खाण्याचं आमच्याकडे नाही. अन्न खात्याच्या ऑफिसात चार चकरा मारल्या. साहेब दौऱ्यावर. मग फोडलेला डबा चालत नाही. बंद डबा नेला तर पक्कं बिल कुठंय? नागपूरच्या खासगी लॅबमध्ये दोन डबे तपासले, किलोमागे ४१० मिलिग्रॅम हिस्टामिन निघालं. नियमात ९ नमुन्यांपैकी दोनच १०० ते २०० मध्ये चालतात, २०० च्या वर एकही नाही. तर म्हणे खासगी रिपोर्ट धरता येत नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात कलम ४० आहे, फी भरून ग्राहक तपासणी करून घेऊ शकतो, पण ते विकणाऱ्याला खरेदीच्या वेळीच सांगावं लागतं. बाजारात उभा असलेला माणूस हे सांगणार कधी? आणि पिकअपवाला थांबणार का? आमच्यासारख्यांनी जायचं कुठं?

पक्कं बिल नाही तर माल उतरवूच नका. रिपोर्ट मोबाईलवर दाखवला तर नंबर झाकणाशी जुळवा, तिथंच, त्याच्यासमोर.

१८१ डबे मागच्या खोलीत कुलूप लावून ठेवलेत. फेकले तर पुरावा जातो. परवा पलीकडच्या तालुक्याच्या बाजारात तोच माणूस माल उतरवताना दिसला म्हणे. पांढरा पिकअप, बांगड्याचे डबे, ५५ रुपये नग.