जुन्या गाडीचं वायरिंग उपटू देण्याआधी हे वाचा

बाबांची प्रीमियर पद्मिनी १९८१ची. नंबर लावून, वाट बघून घेतलेली. ते गेल्यावर ती विकायची नाही हे आई आणि मी न बोलताच ठरवलं होतं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत वाईहून परत येताना खंबाटकीच्या बोगद्यात हेडलाईट पिवळे पडत गेले आणि डॅशबोर्डखालून रबर जळाल्याचा वास आला. आई शेजारी होती. कशीबशी पुण्यात पोचलो आणि दुसऱ्याच आठवड्यात, जुन्या गाड्यांचं काम करतो म्हणून दोघांनी सांगितलेल्या एका गॅरेजात मी गाडी नेली. गॅरेजचं नाव इथे देत नाही, कारण ग्राहक आयोगात तक्रार चालू आहे. पण तिथे काय होतं ते सगळं सांगते. अशी गॅरेजं एकदोन नाहीत.

शेठनी बॉनेट उघडलं, दोन वायरी चिमटीत धरून वाकवल्या. वरचं आवरण कडकडून तुटलं. "ताई, अख्खं वायरिंग बदलावं लागेल. पाडव्याला गाडी दारात." ४२ हजार ठरले, २५ हजार ॲडव्हान्स दिला. मिळाली ती कच्ची पावती: गाडीचा नंबर, रक्कम आणि "वायरिंग काम" एवढे दोन शब्द. कुठली वायर, किती दिवसांत, जुनं सामान कोणाचं, काही नाही.

वायरी खराब होत्या हे खोटं नव्हतं. चाळीस वर्षांत आवरण कडक होतंच. शिवाय बाबांनी मागे कधीतरी हॅलोजन बल्ब बसवून घेतले होते. ६० वॅटचे दोन, म्हणजे १२ व्होल्टवर १० अँपिअर करंट त्याच जुन्या स्विचमधून जात होता. वास त्याचाच होता. रीले (दिव्यांचा जड करंट जुन्या स्विचमधून न नेता बाजूने नेणारा छोटा स्विच) टाकून आणि तेवढ्या वायरी बदलून गाडी त्याच आठवड्यात रस्त्यावर आली असती, हे मला वर्षभराने कळलं.

तिसऱ्या दिवशी गेले तर सीट बाहेर, डॅशबोर्ड खाली आणि जुनं वायरिंग मुळासकट उपटून कोपऱ्यात टाकलेलं. मला ते काम जोरात चालू असल्याचं लक्षण वाटलं. खरं तर माझ्या हातातली दोरी तिथेच सुटली. वायरिंग काढलेली गाडी चालवत नेता येत नाही, दुसऱ्या गॅरेजवाल्याला दाखवता येत नाही, आणि कुठली वायर कुठे जात होती हे सांगणारा एकमेव पुरावा त्या ढिगात असतो. तो ढीग पुढच्या वेळेला तिथे नव्हता. विचारलं तर, "भंगारात गेला, काय करायचा होता?" आत तांबं असतं. त्याचेही पैसे येतात.

मग महिने सुरू झाले. वायरमन गावाला गेलाय. माल कुर्ल्याहून यायचाय. पावसात वायरिंगला हात लावत नाहीत. गणपती झाले की पहिली तुमचीच. दिवाळीनंतर नक्की. आणि दर दोन महिन्यांनी एक फोन असा, की काम आता संपतच आलंय, फक्त स्विचचे दहा हजार हवेत, फक्त वायपर मोटरचे आठ हजार. प्रत्येक वेळी वाटायचं, एवढे दिले आहेत, आता थोड्यासाठी कशाला अडवायचं. असे एकूण ७१ हजार गेले. मी खोदून विचारलं की उत्तर ठरलेलं: "ताई, जुन्या गाडीचं तुम्हाला नाही कळायचं. नव्या गाड्यांसारखं नसतं हे."

हे साफ खोटं आहे, आणि याच एका वाक्यावर या मंडळींचं दुकान चालतं. पद्मिनीला ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. बॅटरी, डायनॅमो, कटआऊट, कॉइल, सेल्फ, दिवे, हॉर्न, वायपर आणि दोनचार काटे. नव्या गाडीपेक्षा हे काम कितीतरी सोपं आहे. अवघड आहे ते हाताला वळण असलेला माणूस मिळणं. मुंबईत काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर असे वायरमन जागोजागी होते. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची टॅक्सी रस्त्यावरून गेली, आणि त्यांच्यावर पोट असलेली माणसंही पांगली. या गॅरेजात स्वतःचा वायरमन नव्हताच. बाहेरचा एक जण रोजावर यायचा. तो येईल तेव्हा ज्याने ताजे पैसे दिलेत त्याच्या गाडीला दोन दिवस हात लागायचा, बाकीच्या तशाच उभ्या. माझ्या ॲडव्हान्सवर दुसऱ्या कुणाची तरी अर्धी गाडी झाली, माझ्या गाडीसाठी तिसऱ्याची वाट बघायची. ही दिरंगाई नाही. धंदाच असा मांडलेला आहे.

माझे डोळे उघडले ते एका फोटोने. ऑक्टोबरात व्हॉट्सॲपवर डॅशबोर्डचा फोटो आला, नव्या वायरी छान बांधलेल्या. आईला दाखवला. तिने चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि म्हणाली, "ही आपली गाडी नाही." ग्लव्हबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बाबांनी चिकटपट्टीचा तुकडा लावलेला आहे. त्यावर बॉलपेनने ऑइल बदलल्याचे किलोमीटर, एकाखाली एक, त्यांच्या तिरप्या अक्षरात. शेवटचा आकडा त्यांच्या आजारपणाच्या आधीचा. फोटोत झाकण उघडं होतं आणि पट्टी नव्हती.

दुसऱ्या दिवशी न कळवता गेले. गाडी मागच्या शेडमध्ये, काचा उघड्या, पायाशी पावसाचं पाणी मुरून बुरशी. नव्या वायरी फक्त पुढच्या दिव्यांपर्यंत आल्या होत्या. मी एक हातात घेतली. लाल, चकचकीत. तिच्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं: ११०० व्होल्ट. ही घराच्या फिटिंगची वायर. गाडीत इंजिनाची उष्णता, तेल, सततचा हादरा असतो. तिथे गाडीसाठी बनवलेलीच वायर लागते, आणि प्रत्येक लाइनला वेगळा रंग, म्हणजे पुढे दोष शोधता येतो. इथे सगळ्या लाल आणि काळ्या. जोड पिळून वर टेप, फ्यूज कुठेच नाही. बॅटरी मी फेब्रुवारीआधी तीनच महिने नवी घेतली होती. तिच्या जागी दुसरीच होती. वॉरंटी कार्डावरचा नंबर जुळेना. मूळचे दोन्ही हॉर्न गेलेले. त्या शेडमध्ये उभी राहून मला बाबांसमोर उभं असल्यासारखी लाज वाटली.

गाडी नेते म्हटलं तर शेठ म्हणाले, राहिलेले पैसे द्या आणि न्या. ठरलेल्यापेक्षा २९ हजार जास्त देऊन झाल्यावर! इथे एक गोष्ट माहीत असू द्या. करार कायद्याच्या कलम १७०प्रमाणे कारागिराला केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा हक्क आहे, हे खरं. पण ठरलेलं काम ठरल्याप्रमाणे झालेलं असेल तर. वकिलांनी नेमकं हेच नोटिशीत मांडलं, सोबत अकरा महिन्यांचे मेसेज तारखांसकट आणि यूपीआयच्या सगळ्या नोंदी जोडल्या. रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस गेली आणि जानेवारीत गाडी मिळाली, टो करून आणावी लागली. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली होती. त्याने पैसे आले नाहीत, पण तारखेची नोंद झाली.

दरम्यान आरसीची मुदत संपली. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण, आणि तपासणीला दिवे, हॉर्न, वायपर चालू लागतात. गाडी गॅरेजात उघडी पडलेली, नेणार काय? गाडी कामाला टाकण्याआधी आरसीवरची तारीख बघाच.

शेवटी काम केलं ते एका चाचांनी. उमेदीची वर्षं मुंबईत टॅक्सींच्या वायरिंगवर काढलेली, आता मुलाकडे कोंढव्यात राहतात. त्यांनी आधी काही खोललं नाही. मीटर लावला: बॅटरीवर १२.६ व्होल्ट, हेडलाईटच्या होल्डरवर १०च्या खाली. मग सगळं बंद करून करंट मोजला, ०.४ अँपिअर वाहत होता. "बेटा, पाच दिवसांत बॅटरी झोपेल." अर्ध्या तासात दोष कागदावर. मग मला सोबत घेऊन नाना पेठेत वायर निवडली, रंगाप्रमाणे, जाडीप्रमाणे, आणि पूर्ण हार्नेस, म्हणजे अख्ख्या गाडीच्या वायरींचा जुडगा, माझ्या घरी जमिनीवर पसरून बांधला. प्रत्येक टोकाला नाव लिहिलेली चिठ्ठी. तो तयार झाल्यावरच गाडीतली लाल वायर काढली, आणि काढलेली सगळी पोत्यात भरून माझ्या ताब्यात दिली. ती आता पुरावा आहे. ९ दिवस, ३१ हजार, पक्कं बिल. पैसे तीन टप्प्यांत, प्रत्येक टप्पा डोळ्यांनी बघून.

मार्चमध्ये संध्याकाळी दिवे लावून आईला सारसबागेपर्यंत नेऊन आणलं. परत आल्यावर तिने ग्लव्हबॉक्स उघडून पट्टी आहे का ते बघितलं.

त्या शेडमध्ये मी गाडी उचलली त्या दिवशी आणखी चार होत्या: दोन पद्मिनी, एक ॲम्बॅसेडर, एक स्टँडर्ड हेराल्ड. चारींचे डॅशबोर्ड खाली होते. तुमची गाडी पुण्याजवळ अशीच कुठे महिनोन्‌महिने उभी असेल तर फोन करून विचारू नका. वॉरंटी कार्ड खिशात घालून, न कळवता जा आणि आधी बॅटरीचा नंबर बघा.