पाककृती सबडोमेनवर की फोल्डरमध्ये?

आमचा घरचा मसाल्यांचा धंदा. मुख्य साइटवर दुकान, सोबत पाककृती. त्या पाककृतींना मी आधी सबडोमेन (साइटच्या नावाआधी टिंब देऊन जोडलेलं नाव) दिलं आणि दीड वर्षाने सगळं उचलून फोल्डरमध्ये (साइटच्या नावानंतर तिरकी रेघ देऊन) आणलं.

मोठ्यांकडे बघून काही ठरत नाही. मराठी विकिपीडिया सबडोमेनवर आहे (एमआर.विकिपीडिया.ऑर्ग), बीबीसी मराठी फोल्डरमध्ये (बीबीसी.कॉम/मराठी). दोघांचंही छान चाललंय.

सबडोमेनची सोय नाकारता येत नाही. आमचं दुकान एका तयार सेवेवर होतं आणि तिथला ब्लॉग अगदीच लंगडा. डीएनएसमध्ये (कुठलं नाव कुठल्या सर्व्हरवर न्यायचं, त्याची नोंदवही) एक रेकॉर्ड टाकलं की पाककृती वेगळ्या सर्व्हरवर, वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. एखाद्या प्लगइनने (वर्डप्रेसला जोडायच्या पुरवणीने) तिकडे गोंधळ घातला तरी इकडे ऑर्डरी चालू.

पण आम्ही तो पत्ता मसाल्याच्या पाकिटावर छापला. पाककृती, टिंब, आमचं नाव. लोकांनी काय करावं? पुढे तीन डब्ल्यू लावून टाइप केलं. वेबसाइट म्हटली की तीन डब्ल्यू आलेच, हे बोटांत बसलेलं. (खरं तर ते तीन डब्ल्यूसुद्धा एक सबडोमेनच, पण हे ग्राहकाला कुठे सांगत बसणार?) डीएनएसमध्ये मी ताऱ्याचं (*) रेकॉर्ड ठेवलं होतं, म्हणजे पुढे काहीही लावलं तरी चालेल असं, त्यामुळे पत्ता सापडायचा. सर्टिफिकेटमधला (साइट खरी असल्याचा ब्राउझर तपासतो तो दाखला) तारा मात्र एकाच पायरीपुरता असतो. दोन पायऱ्यांचं नाव (तीन डब्ल्यू, टिंब, पाककृती) त्यात बसत नाही. मग ब्राउझर लाल त्रिकोण दाखवून धोक्याचा इशारा देणार, आणि आमचा फोन वाजणार: "अहो, तुमची साइट हॅक झालीय का?" एका काकूंनी तर ऑर्डरच रद्द केली.

त्या नावाचं वेगळं सर्टिफिकेट घेता येतंच. पण उद्या आणखी सबडोमेनं काढली, तर प्रत्येकाची तीच कथा. शेवटी दुकानच वर्डप्रेसवर आणलं आणि पाककृती त्याच्या पोटात.

शोधात फरक पडला का? गूगल म्हणतं, आम्हाला दोन्ही सारखंच. पाककृतींवरून दुकानात येणारे वाढल्यासारखे वाटले, पण महिना दिवाळीचा होता, तेव्हा श्रेय देत नाही.

तुमचं दुकान तयार सेवेवरून हलण्यासारखं नसेल, तर सबडोमेन घ्या, बिघडत नाही. चाचणीची साइट तर मी आजही तिथेच ठेवतो. फक्त पत्ता कागदावर छापायचा असेल तर मी फोल्डरच घेईन.

जुनी पाकिटं अजून कुणाकुणाच्या डब्यात आहेत. म्हणून ते सबडोमेन ३०१ ने (पत्ता कायमचा बदलल्याचा संकेत) फोल्डरकडे वळवून ठेवलंय. तीन डब्ल्यूवालंसुद्धा, त्याच्या नावाचं वेगळं सर्टिफिकेट घेऊन.