संचालकांचं एक दिवसाचं प्रशिक्षण, वर्धा: ५०० रुपये वसूल झाले का?

फुकटची प्रशिक्षणं खूप झाली. फोटो काढतात, चहा पाजतात, सोडून देतात. शेतकरी कंपन्यांच्या संचालकांसाठीच्या या प्रशिक्षणाला मात्र ५०० रुपये भरून गेले, कारण गरज होती. मी आर्वी तालुक्यातल्या आमच्या कंपनीची अध्यक्ष. फेब्रुवारीत, ऐन तूर खरेदीत, आम्ही सीईओला, म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला, काढलं आणि चौथ्या दिवशी परत बोलावलं. नऊपैकी सहा मतं आमची होती, तरीही.

सकाळचे तर्री-पोहे झकास. कायद्याचं सत्र इंग्रजी स्लाइडवर, त्यामुळे बाजूचे काका सारखे "काय लिवलं हो ताई?" करत होते. कामाचं एवढंच: उत्पादक कंपनीत, म्हणजे आमच्यासारख्या शेतकरी कंपनीत, संचालक ५ ते १५, पूर्णवेळ सीईओ नेमणं बंधनकारक, तो सभासदांपैकी नको, आणि तो पदसिद्ध संचालक असतो. म्हणजे ज्याला काढायचं तो मंडळातच बसलेला!

खरे पैसे वसूल झाले ते ओपनएआयच्या गोष्टीत. चॅटजीपीटीवाली कंपनी. १७ नोव्हेंबर २०२३, शुक्रवार. सहाजणांच्या मंडळातल्या चौघांनी सीईओ सॅम ऑल्टमनला काढलं. कारण काय दिलं, तर तो मंडळाशी कायम मोकळेपणानं बोलत नाही. काय लपवलं ते सांगितलंच नाही. अधिकार पक्का होता, वरची संस्था ना-नफा, मंडळाचाच शब्द शेवटचा. पण अब्जावधी डॉलर गुंतवलेल्या मायक्रोसॉफ्टला ऐनवेळी कळवलं. अध्यक्ष ग्रेग ब्रॉकमन त्याच दिवशी बाहेर पडला. तीन दिवसांत दोन हंगामी सीईओ झाले. सुमारे ७७० कर्मचाऱ्यांपैकी ७०० हून जास्त जणांनी लिहून दिलं, मंडळानं पायउतार व्हावं आणि ऑल्टमनला परत आणावं, नाहीतर आम्ही मायक्रोसॉफ्टकडे जाऊ. त्यात इल्या सुट्स्केव्हरचीही सही, काढायला मत देणाऱ्या चौघांपैकी एक! पाच दिवसांत ऑल्टमन परत, आणि चौघांपैकी मंडळात उरला एकटा ॲडम डि'अँजेलो.

मी तर हसायलाच लागले. आमचे उपाध्यक्ष रात्री ठरावाला हात वर करून गेले आणि सकाळी फाटकावर लोकांच्या पुढे उभे!

सरांनी कोरा कागद दिला. "तुमच्याकडे मत आहे. बाकी कोणाकडे काय आहे ते लिहा." मी लिहिलं: गोदामाची चावी, ग्रेडर चालवणारा पोरगा, बँकेचा ओटीपी, ४१२ सभासदांचा व्हॉट्सॲप ग्रुप. सगळ्यांपुढे एकच नाव, सीईओचं. कागद पाहून मलाच लाज वाटली.

आमच्या नोटिशीत एकच ओळ होती, 'कामकाज समाधानकारक नाही'. खरं कारण, तो ओलाव्याच्या नावाखाली क्विंटलमागे किलोभर तूर पावतीशिवाय कापत होता. बदनामी नको म्हणून आम्ही लिहिलं नाही. मग गावानं आपलं कारण लावलं, "ताईले आपला भाचा बसवाचा हाय." मला भाचाच नाही.

इथेच प्रशिक्षण तोकडं पडलं. मी विचारलं, कारण खरं असेल, कागद हातात असेल, तर आधी कोणाला सांगायचं, सभासदांना की बँकेला? सर म्हणाले, जेवण थंड होतंय. मार्च २०२४ मध्ये ओपनएआयनं वकिलांकडून करून घेतलेल्या चौकशीचा निष्कर्ष आला, मंडळ अधिकारातच वागलं, पण ऑल्टमनला काढावंच लागेल असं त्याचं वागणं नव्हतं. हेही त्यांनी ताट हातात घेऊन सांगितलं. जेवण मात्र बरं होतं, भरली वांगी, ज्वारीची भाकर.

दुपारचं हिशेबाचं सत्र पेंगण्यात गेलं. प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकलंय. पाचपैकी साडेतीन तारे. जाणार असाल तर एकट्यानं जाऊ नका, दोन-तीन संचालक मिळून जा, आणि उपाध्यक्षाला आधी न्या.

घरी येताना आर्वीच्या चावीवाल्याकडून गोदामाची दुसरी चावी करून घेतली. ६० रुपये. सीईओनं दुसऱ्या दिवशी विचारलं, "काहून ताई?"

"असू द्या म्हटलं एक घरी."