फ्रेम तेवढी बदलायची होती: डाउनहिल सायकलवरचे आठ महिने

डोंगरउतारावर दगड-उड्यांतून वेगाने उतरण्यासाठीच्या माझ्या डाउनहिल सायकलची जुनी फ्रेम, म्हणजे सांगाडा, पडझडीत गेली नाही. सायकल धुताना चेनस्टेच्या (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीच्या) वेल्डला लागून केसाएवढी रेघ दिसली. आधी ओरखडाच वाटला. नख फिरवलं तर नख अडकलं. पुसून, मागच्या चाकावर भार टाकून पुन्हा पाहिलं तर रेघ किंचित उघडली, आणि विषय तिथेच संपला.

'वेल्ड करून घे' असं चौघांनी तरी सांगितलं. ६०६१ ॲल्युमिनियमच्या फ्रेमला वेल्डिंगनंतर भट्टीतून काढून टी६ची (उष्णता देऊन कडक केलेल्या अवस्थेची) ताकद दिलेली असते. पुन्हा वेल्ड केलं की सांध्याच्या आजूबाजूचा भाग मऊ पडतो, आणि ती ताकद परत आणायची तर अख्खी फ्रेम पुन्हा भट्टीत घालावी लागते, तीही वाकू न देता. २०० मिलिमीटर ट्रॅव्हलच्या (चाक वर-खाली हलण्याच्या अंतराच्या) सायकलवर असा जुगार मी खेळणार नव्हतो. हमी म्हणाल तर ती पहिल्या मालकापुरती होती आणि मी दुसरा.

बाकी सायकल ठणठणीत होती. म्हणून हिशोब असा मांडला की फ्रेम नवी आणि त्यावर चढेल ते सगळं जुनंच. हेड अँगल (पुढच्या फोर्कचा कल) आणि रीच (पेडलच्या धुरीपासून हँडलच्या नळीपर्यंतचं आडवं अंतर) बघायच्या आधी कॅलिपर घेऊन बसलो, हे मात्र बरं केलं.

मागचा हब (चाकाचा मधला भाग) १५० × १२चा होता, म्हणजे मिमीत रुंदी आणि ॲक्सलची जाडी. नव्या फ्रेमना १५७ किंवा १४८ लागतो. आकडे पाहून वाटतं की १४८ जवळचा, पण प्रकार उलटा आहे. १५७च्या फ्रेममध्ये हब खाचेत बसावा म्हणून दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन मिलिमीटर जास्त दिलेले असतात. हबचं मधलं अंग तेच. माझ्या हबला नुसत्या एंड कॅप (टोकांच्या टोप्या) बदलून काम झालं, डिस्कची जागाही हलली नाही. १४८ घेतलं असतं तर चाक भंगारात गेलं असतं. क्रँक (पेडलचा दांडा) ८३ मिमीच्या, आट्यांनी बसणाऱ्या बॉटम ब्रॅकेटसाठीचा (फ्रेममधल्या क्रँकच्या बेअरिंगसाठीचा) होता, म्हणून ७३ मिमी आणि दाबून बसवायचे प्रेसफिट दोन्ही बाद. एवढ्या दोन अटींवरच यादी अर्ध्याहून जास्त गळली.

हेडट्यूब (फोर्क बसतो ती नळी) पाहून मी उगाच घाबरलो होतो. नवी फ्रेम टेपर्ड (खाली रुंद होत जाणारी), खाली दीड इंचाची, आणि माझ्या फोर्कचा स्टिअरर (हेडट्यूबमध्ये जाणारी दांडी) सरळ सव्वा इंचालाही कमी. पण दोन आडव्या पट्ट्यांनी (क्राउननी) धरलेल्या डबल क्राउन फोर्कना सरळ १ १/८ इंची स्टिअररच असतो, कारण ताण दोन क्राउन वाटून घेतात. खालच्या कपात योग्य मापाचं बेअरिंग आणि रेस (बेअरिंग टेकायची कडी) घातली की झालं.

खरी चूक चाकांत झाली. माझी जुनी सायकल पुढे-मागे दोन्हीकडे २७.५ इंची चाकांची. २०१७ मध्ये डाउनहिल शर्यतपटू ग्रेग मिनारने स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमची वर्ल्ड कप शर्यत २९ इंची चाकांवर जिंकली. २०१९ मध्ये सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआयने पुढे मोठं, मागे लहान चाक चालवायला मुभा दिली. तेव्हापासून दोन्हीकडे २७.५ घेणाऱ्या नव्या डाउनहिल फ्रेम आटतच गेल्या. मी घेतली ती पुढे २९, मागे २७.५ अशी बनलेली, ॲल्युमिनियमची. मागचं चाक वाचलं या आनंदात पुढचं 'सध्या जुनंच चालवू' म्हटलं.

दोन रविवार चालवलं. पुढचं चाक लहान आणि फोर्कही आखूड, म्हणजे सायकलचं तोंड साधारण ३८ मिमी खाली. व्हीलबेस (दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर) साडेबाराशे मिमीच्या आसपास असेल तर याचा अर्थ हेड अँगल पावणेदोन अंशांनी उभा. कागदावरचा ६३ माझ्याकडे पावणेपासष्ट झाला होता. बॉटम ब्रॅकेटही सेंटिमीटरभर खाली गेला, आणि पहिल्याच दगडी पट्ट्यात पेडल असं आदळलं की पाय सुटून नडगी सोलून निघाली. नवी फ्रेम जुन्यापेक्षा वाईट चालते असा निष्कर्ष काढून मी घरी आलो. चूक फ्रेमची नव्हती, हे कळायला मोजपट्टी लागली.

मग वापरलेला २९चा फोर्क शोधणं, पुढचं चाक, टायर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

त्यानंतर मात्र फ्रेमने जे दाखवलं ते मला अपेक्षित नव्हतं. जुन्या फ्रेमचं लीव्हरेज (चाक जितकं हलतं आणि मागचा शॉक जितका दबतो त्यांचं गुणोत्तर) जवळजवळ सरळ रेषेत होतं. २०० मिमी ट्रॅव्हल, शॉकचा स्ट्रोक (दबण्याचं अंतर) ७६, म्हणजे सरासरी २.६३, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत थोडंच इकडे तिकडे. नवीत २५० × ७५चा (लांबी × स्ट्रोक) शॉक आहे, सरासरी २.६७. म्हणजे सरासरीत दोन्ही सारख्याच. पण नवीत हे गुणोत्तर ३.०पासून सुरू होऊन शेवटी २.३५वर येतं. कागदावर हा आकडा मी वाचला होता आणि सोडून दिला होता. चालवल्यावर कळलं की फ्रेम निवडताना सगळ्यात आधी हाच बघायला हवा होता. सुरुवातीला शॉकवर जास्त जोर पडतो म्हणून बारीक खडीवर मागचं चाक जमिनीला चिकटून राहतं, आणि मोठ्या उडीवरून सपाटीवर आपटलं तरी शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर सहजासहजी संपत नाहीत. जुन्या सायकलवर ठरावीक दोन उड्यांवर शॉक खडकन तळाला लागायचा. इथे त्याच उड्यांवर रबरी बंपरपर्यंत पोचतो, पण आवाज नाही.

याची दुसरी बाजू म्हणजे स्प्रिंग. हेल्मेट-कवचासह माझं वजन ९४ किलो. जुन्या फ्रेमवर ४०० पाउंडची स्प्रिंग बरोबर बसत होती. तीच इथे घातली तर सॅग (स्वार बसल्यावर शॉक जितका दबतो तो) २७ मिमी, म्हणजे ३६ टक्के. सायकल बसल्यासारखी, वळणात आळशी. प्रीलोड (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणं) पिळून ते झाकायचा मोह होतो, पण त्याने मऊ स्प्रिंग काही कडक होत नाही. ४५० घातली, सॅग २४ मिमीवर आला, ३२ टक्के. तेव्हापासून हात लावलेला नाही.

माप मी एक पायरी मोठं घेतलं, रीच ४३०वरून ४६०. पहिला महिना सपाट, मोकळ्या वळणात पुढचं चाक बाहेर सरकत राहिलं. पुढचा भाग लांब झाला की पुढच्या चाकावरचं वजन कमी होतं, आणि माझी सवय मागे लटकायची. फ्रेमला मागच्या ॲक्सलसाठी दोन जागा आहेत. मी 'चपळ' म्हणून आखूड ठेवली होती. १० मिमी लांब केली आणि पुढची पकड लगेच सुधारली. लांब मागचा भाग वळणाला वाईट, हे डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की हा प्रयोग करायला मला पाच आठवडे लागले. अगदी घट्ट, उलट्या फिरणाऱ्या वळणांत सायकल अजूनही लांबच वाटते. ते तसंच राहणार.

हाय पिव्होटचाही, म्हणजे मागचा भाग फ्रेमला उंचावर जोडलेल्या रचनेचाही, विचार केला होता. मित्राची चालवून पाहिली. चौकोनी दगडांवर मागचं चाक मागे सरकत धक्का गिळतं ते खरंच जाणवतं. पण वरच्या आयडलर पुलीची (चेन वरून नेणाऱ्या छोट्या चाकाची) घरघर, तिची झीज आणि जास्त लांब चेन मला नको होती. चिखलात धुणं-पुसणं आधीच पुरेसं आहे.

तक्रारी आहेत. मुख्य पिव्होटचं बेअरिंग पाचव्या महिन्यात खरखरायला लागलं. यात पाण्याचा जोरदार फवारा मारणारा माझा हातही आहे, पण सीलच्या आत कारखान्यातून ग्रीस नावालाच होतं. लिंकचा एक बोल्ट दोनदा सैल झाला. निळा थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) लावून टॉर्क रेंचने कसल्यावर थांबला. डाउनट्यूबवरचं (फ्रेमच्या खालच्या नळीवरचं) रबर दुसऱ्या उंचीच्या फोर्कसाठी लावलेलं, माझ्या फोर्कचे पाय त्याच्या वर लागतात. एका पडण्यात ट्यूबला हरभऱ्याएवढा पोचा आला, तेव्हा लक्षात आलं. फोर्क बसवल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघायला दोन मिनिटं लागतात, ती मी दिली नव्हती. आणि तीन आठवडे जी करकर मी लिंकेजमध्ये शोधत होतो, ती सीटपोस्टच्या क्लॅम्पची निघाली.

वेल्ड दर धुण्याला बोटाने चाचपतो. अजून काही नाही.

जुन्या सायकलचे आता ब्रेक, हँडल, क्रँक, सीट आणि मागचं चाक उरलंय. जुना फोर्क भिंतीला टेकून उभा आहे. मागच्या आठवड्यात एकाने विचारलं, त्याच्याकडे २७.५ची फ्रेम आहे म्हणे, 'बाकी सगळं जुनंच चढवणार.' मी त्याला आधी हबचं माप पाठवायला सांगितलं.